अर्ज कोणाचा, सही कोणाची?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची असून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. गुण जेमतेम ५८ टक्के असल्याने वकिलीत तिचे काही होईल असे वाटत नाही. तिने प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी व्हावे असे मी ठरवले आहे. वर्षातून दोन महिने काम, बाकी वेळ घरी, शिवाय वर्दीचा मान. मात्र मे २०२५ मध्ये प्रादेशिक सेनेला सीमेवर बोलावल्याच्या बातम्या आल्या आणि तिची आई घाबरली. मुलीच्या संमतीशिवाय, तेही ती मुलगी असताना, तिला सीमेवर पाठवता येणार नाही ना? तिला वनीकरणाचे काम करणाऱ्या पर्यावरण पलटणीतच ठेवावे अशा विनंतीचा अर्ज तयार करून सोबत जोडला आहे. मुलगी मात्र उलट विचारत राहते, ‘बोलावण्याचा हुकूम काढतो कोण आणि तो मला नाकारता येतो का?’ कृपया तिची समजूत घालावी.
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र दोनदा वाचले आणि सोबतचा अर्ज त्याहून अधिक वेळा. अर्जात ‘मी खाली सही करणारी’ अशी सुरुवात आहे, अर्जदार म्हणून मुलीचे नाव आहे, परंतु अक्षर पत्रातलेच, म्हणजे आपले आहे. ‘कुटुंबीयांच्या भावनांचा विचार करून’ हे शब्द एका पानात दोनदा आले आहेत आणि तळाशी, सहीच्या मोकळ्या जागेशेजारी, पेन्सिलीने बारीक फुली केलेली आहे. बँकेत खातेदाराला सही कुठे करायची हे दाखवण्यासाठी करतात तशी. मुलीचे गुण किंवा बातम्यांमुळे घरात निर्माण झालेली भीती यांपैकी कशानेही मला इतके अस्वस्थ केले नाही, जितके या फुलीने केले.

कायद्याच्या पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीचे शिक्षण वाया गेले, असा निर्णय आपण ५८ टक्क्यांवरून देऊन टाकला आहे. त्यानंतर तिच्यासाठी एक सेना निवडली, त्या सेनेतील पलटण निवडली आणि त्या पलटणीतून बाहेर न पाठवण्याची विनंतीही तिच्या वतीने लिहून ठेवली. तिला सैन्यात जायचे आहे का, हे पत्रात कुठेही नाही. तिचे म्हणून एकच वाक्य आहे आणि त्याची आपण तक्रार केली आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रात विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तिची समजूत घालण्याचे काम मात्र मी करणार नाही.

‘अर्धवेळ’ या शब्दाने आपली फसगत केली आहे. काम अर्धवेळ आहे म्हणून ते ऐच्छिकही आहे आणि बोलावणे येईल तेव्हा प्रत्येक वेळी आपल्याला विचारले जाईल, अशी आपली समजूत दिसते. प्रादेशिक सेना कायदा, १९४८ याचे कलम ७ याच्या नेमके उलट सांगते. नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी किंवा अत्यावश्यक पहाऱ्यासाठी बोलावल्यास, आणि प्रशिक्षणासाठी किंवा नियमित सेनेला पूरक म्हणून पाचारण केल्यास, म्हणजे सैनिकी भाषेत ‘एम्बॉडी’ केल्यास, प्रत्येक अधिकारी आणि भरती झालेली प्रत्येक व्यक्ती सेवा करण्यास बांधील असते. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ हे शब्द त्या कलमात येतात ते फक्त नियमित सेनेच्या तुकडीशी संलग्न होण्याच्या संदर्भात, आणि तिथेही विनंती हा दोनपैकी एकच मार्ग आहे. स्वेच्छा आहे ती सेनेत येण्याच्या क्षणी. संमती तेव्हा एकदाच दिली जाते आणि पुढचे सर्व हुकूम तिच्याच आधारावर निघतात. सेवेत असताना अधिकाऱ्याला सेना कायदा, १९५० लागू होतो आणि रजेशिवाय गैरहजर राहणे हा त्या कायद्याच्या कलम ३९ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. आपण तयार केलेल्या अर्जासारखा कागद अशा वेळी कोणी वाचलाच, तर तो एक विनंती म्हणून वाचेल. हक्क म्हणून नव्हे.

आता सीमेविषयी. प्रादेशिक सेना कायद्याने एक रेषा आखली आहे, पण ती आपण समजता ती नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाशिवाय प्रादेशिक सेनेतील कोणालाही भारताच्या हद्दीबाहेर सेवा करण्यास भाग पाडता येत नाही, एवढेच बंधन आहे. हद्दीच्या आत पुण्यातील पहारा आणि डोंगरातील ठाणे यांत कायदा फरक करत नाही. ‘सीमेवरील काम’ असा वेगळा वर्गच तिथे नसल्याने, त्यातून सूट मागण्यासाठी बोट ठेवावे असे कलमही नाही. एरवी सीमा सांभाळण्याचे काम सीमा सुरक्षा दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस यांसारख्या दलांकडे असते, त्यांचे कायदे निराळे आहेत आणि ती दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. नियंत्रण रेषेवर मात्र सेना असते आणि सेना जिथे असते तिथे तिला पूरक दल लागू शकते.

ज्या बातमीने घरात भीती पसरली, ती बातमीही नीट वाचायला हवी होती. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने प्रादेशिक सेना नियम, १९४८ मधील नियम ३३ चा आधार घेऊन आपला अधिकार लष्करप्रमुखांना वापरू दिला, म्हणजे हुकूम काढणारी व्यक्ती निश्चित केली. त्याच आदेशात ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणींच्या पाचारणाचा उल्लेख आहे आणि त्या कुठे नेमायच्या, तर दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर आणि नैऋत्य कमांड, अंदमान-निकोबार कमांड आणि सेनेची प्रशिक्षण कमांड यांच्या क्षेत्रांत. जवळजवळ सारा देश त्यात आला. आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी आहे. पहलगामचा हल्ला झाला २२ एप्रिलला. मुदत त्याच्या सव्वादोन महिने आधीपासून सुरू होते, यावरून हा कागद निव्वळ त्या आठवड्यातील घाईतून निघालेला नाही, असे माझे मत आहे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. अंदाजपत्रकात पैसा असेल किंवा अंतर्गत फेरवाटपातून मिळेल तरच पलटण पाचारण करायची, आणि दुसऱ्या मंत्रालयाच्या मागणीवरून केल्यास खर्च त्या मंत्रालयाच्या नावे टाकायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. दूरचित्रवाणीवर तोफांचे आवाज चालू असताना मूळ आदेशात खर्च कोणाच्या खात्यावर पडणार याची चर्चा होती. तीन वर्षांची मुदत पाहिल्यावर ‘वर्षातून दोन महिने’ हा आपला हिशेब कुठे राहतो, हे आपणच ठरवावे. ते दोन महिने वार्षिक प्रशिक्षण शिबिराचे आहेत, सेवेची कमाल मर्यादा म्हणून कोणी सांगितलेले नाहीत.

‘तेही ती मुलगी असताना’ या शब्दांना उत्तर थोडक्यात देतो. प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ६ मधील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत स्त्रियाही येतात, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि पुढच्याच वर्षी स्त्री अधिकाऱ्यांना कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळू लागले. २०२३ मध्ये त्यांना नियंत्रण रेषेवरील प्रादेशिक सेनेच्या अभियंता रेजिमेंटांत नेमण्यास संरक्षणमंत्र्यांनी मान्यता दिली. मुलगी म्हणून दार उघडावे आणि मुलगी म्हणूनच मागच्या दाराने परत पाठवावे, अशी सोय राहिलेली नाही, आणि नाही हे बरेच आहे. पर्यावरण पलटण छत्रपती संभाजीनगरलाही आहे, तिचे काम मोलाचे आहे. पण कोणी कुठे जायचे हे अर्जदार ठरवत नाही.

याहून मोठी अडचण अशी की आपली कन्या आज या भरतीसाठी पात्रच नाही. प्रादेशिक सेना हा व्यवसाय किंवा रोजगाराचे साधन नाही, असे सेना स्वतःच सांगते. पदवीबरोबरच उमेदवार नोकरीत किंवा स्वयंरोजगारात असावा लागतो. निवृत्तिवेतनाचीही हमी नसते, ते प्रत्यक्ष पाचारणात काढलेल्या सेवेवर अवलंबून असते. ज्या वकिलीत तिचे काही होणार नाही असे आपण म्हणता, त्याच वकिलीत तिचे बरे चालले असेल तरच ती टीएच्या, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या, दारात उभी राहू शकेल. नोकरदाराला कलम ७-अ चे संरक्षण असते. सेवा संपल्यावर मालकाने त्याला परत घ्यावे लागते, न घेतल्यास सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. हे संरक्षण मला तुटपुंजे वाटते. स्वतंत्र वकिली करणाऱ्याला तर तेवढेही नाही, कारण त्याला मालकच नसतो, आणि तीन वर्षे न्यायालयात न दिसणाऱ्या वकिलाची वाट पक्षकार पाहत नाही.

घाईचेही कारण मला दिसत नाही. टीएच्या अधिकारी भरतीसाठी वयाची मर्यादा ४२ वर्षे आहे, म्हणजे तिच्या हाती एकोणीस वर्षे आहेत. खरोखर सैन्यातच जायचे असेल तर आधी सरेल ती वाट सेनेच्या न्यायाधिवक्ता शाखेची, म्हणजे जॅगची आहे: २१ ते २७ वर्षे वय, विधी पदवीत किमान ५५ टक्के, क्लॅट पीजी या पदव्युत्तर विधी प्रवेश परीक्षेचे गुण, एसएसबी या सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि मग चेन्नईच्या अकादमीतील प्रशिक्षण. आपण ज्यांना ‘जेमतेम’ म्हणालात ते ५८ टक्के तिथे चालतात. तिथली स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या जागांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द ठरवली, तेव्हा कमी जागांची जुनी सबबही उरलेली नाही. पण हे सारे ‘जायचे असेल तर’ या तीन शब्दांवर अवलंबून आहे, आणि ते शब्द तिने उच्चारायचे आहेत.

पुढचे तुझ्यासाठी, कारण प्रश्न तू विचारला आहेस. हुकूम केंद्र सरकारच्या अधिकारातून निघतो, सध्या तो लष्करप्रमुख काढू शकतात, आणि कमिशन स्वीकारल्यानंतर तुला तो नाकारता येत नाही. हे तुझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर झाले. आता कायदा आणि नियम शेजारी-शेजारी ठेवून वाच आणि ‘विहित पद्धतीने’ हे शब्द कलम ७ मध्ये किती वेळा येतात ते मोज, म्हणजे संसदेने काय स्वतः ठरवले आणि काय नियमांवर सोपवले ते दिसेल. हे वाचताना तुला वर्दी दिसते की खटला, याकडेही लक्ष दे. खटला दिसत असेल, तर सेनादलांतील सेवेचे वाद चालवणारे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे आणि त्या विषयाचा नीट अभ्यास केलेल्या वकिलांची तिथे गरज असते. एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे सहा महिने काम केलेस तरी तुझा कल तुला कळेल.

वडिलांनी पाठवलेला अर्ज पेन्सिलीची फुली खोडून परत पाठवत आहे. यापुढील पत्र तू लिही आणि त्यात पहिल्या ओळीत एवढेच सांग, की सेना हा विषय घरात पहिल्यांदा कोणी काढला.