तिकडे सूर्य दुपारी दोनला डोक्यावर येतो

एप्रिल लागला की एकच पत्र वेगवेगळ्या अक्षरांत येतं: मुलांना आणि आईबाबांना घेऊन ग्रीस, इटली नाहीतर स्पेनच्या किनाऱ्यावर चाललोय, तब्येतीची काय काळजी घ्यावी? त्यातले हे काही प्रश्न.

प्रश्न : रोम आणि बार्सिलोनात नळाचं पाणी चालेल का?

चालेल. सांतोरिनीसारख्या ग्रीक बेटांवर मात्र बाटलीचंच घ्या. तान्हं बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : आम्ही नागपूरचे, ४५ अंश सोसलेत. अथेन्सच्या ३८ अंशांचं काय एवढं? आई ७१ वर्षांची आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

हे वाक्य मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी चिडते. नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी काय करतो? कूलर लावून आडवा होतो. अथेन्सला गेलात की त्याच वेळी अक्रोपोलिसची टेकडी चढणार. वर सावली नावाला, पायाखाली तापलेला गुळगुळीत दगड. उन्हाची सवय अंगात मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे एसीत काढले की ती जाते. जन्मगावावरून ती मिळत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या आगेमागे डोक्यावर असतो. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात. त्यामुळे अथेन्समध्ये माध्यान्ह होते दीडच्या सुमारास, बार्सिलोनात तर जवळजवळ दोनला. 'बारा ते तीन टाळलं की झालं' हा हिशेब तिथे चुकतो. संध्याकाळी पाचलाही ऊन चटके देतं.

आणि पाणी. खरा घोळ इथेच आहे. स्वच्छतागृह पटकन सापडत नाही, सापडलं तर अनेकदा पैसे मोजावे लागतात, म्हणून आपल्या आया सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. माझ्या एक पेशंट आजी सहलीचे फोटो दाखवत होत्या. सकाळच्या फोटोत हातात बाटली, संध्याकाळच्या फोटोत तीच बाटली आणि पाणी तेवढंच. त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही. २०२२च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक माणसं दगावल्याचा संशोधकांचा अंदाज आहे, त्यात सर्वांत जास्त इटलीत, आणि वयस्करच जास्त.

तेव्हा अक्रोपोलिसचं सकाळी आठचं तिकीट काढा. उष्णतेच्या लाटेत ते दुपारी बंदच ठेवतात, उगाच नाही. आई असंबद्ध बोलू लागल्या, तोल जाऊ लागला तर 'थकली असेल' म्हणत बसू नका. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन, सावली, अंगावर पाणी, वारा. गोळी आपल्या मनाने बंद किंवा कमी करायची नाही. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा.

प्रश्न : एसपीएफ १००चं सनस्क्रीन लावलं की दिवसभर बघायला नको, असं दुकानदार म्हणाला. मुलगी आठ वर्षांची आहे.

दुकानदाराला ट्यूब विकायची आहे. ३०चं सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५०चं ९८. पुढचा फरक मुख्यतः किमतीत. युरोपात तर लेबलवर ५०+च्या वर आकडाच छापत नाहीत. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट त्याहून स्वस्त पडतो. पुरळाचा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

प्रश्न : जेलीफिश डसला तर त्यावर लघवी करावी, असं मेसेजमध्ये आलंय.

करू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी नको, चोळू नका. व्हिनेगरही परस्पर ओतू नका, काही जातींवर त्याने उलटंच होतं. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारा. धाप लागली किंवा ओठ सुजले तर ११२.

प्रश्न : बाबांचं कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी बरोबर आहे. दुबईमार्गे जातोय, डॉक्टरांची चिठ्ठी सापडत नाही.

मग ती औषधं घरीच ठेवा. दोन्हींवर अमिरातीत कडक नियंत्रण आहे, नेण्याआधी परवानगी लागते. फक्त विमान बदलायचं असलं तरी गृहीत काही धरू नका. डॉक्टरांकडून पर्यायी औषध आणि नवी चिठ्ठी घ्या. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत.

प्रश्न : परवा निघतोय. सासूबाईंना मधुमेह आहे. विमा एजंटने व्हिसाबरोबरच काढून दिलाय. शुगर परत आल्यावर तपासली तर चालेल ना?

तिकीट कधी काढलं होतं? शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या या देशांच्या सामाईक व्हिसाला, किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो, आणि बरेच एजंट अट भागेल असा सर्वांत स्वस्त कागद हातात ठेवतात. त्यात 'आधीपासूनचे आजार' शोधा. मधुमेह कळवलेला नसेल तर आजच विमा कंपनीशी बोला. शुगर परत आल्यावर नाही, उद्या सकाळी. उपाशीपोटी, गोळ्यांची सगळी पिशवी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे.