वाचक विचारतात : नायट्रोजन असताना इथेन कशाला?

प्रश्न : क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी (गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉनांच्या झोताने चित्र घेणारं यंत्र) प्रथिन गोठवताना ते थेट द्रव नायट्रोजनमध्ये का बुडवत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, पण तो उकळण्याच्या बेतातच असतो. नमुना शिरला की भोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि उष्णता अडते. पाणी सावकाश गोठून षट्कोनी स्फटिक होतात. निफाडच्या थंडीत द्राक्षवेलीवर गोठलेलं दव असतं, तोच हा बर्फ. त्यात प्रथिनाची रचनाही बिघडते आणि चित्रही. म्हणून द्रवरूप केलेलं इथेन (एक वायू) वापरतात. ते उणे १८३ च्या आसपास वितळतं, उकळतं मात्र उणे ८९ ला. त्यामुळे वाफ आड येत नाही, पाणी स्फटिक न होता काचेसारखं थिजतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस शास्त्रज्ञ जॅक द्युबोशे यांनी हे साधलं. २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

कृती : ३ मिलिमीटरच्या जाळीवर सुमारे ३ मायक्रोलिटर द्रावण ठेवून टिपकागदाने काही सेकंद टिपायचं, लगेच इथेनमध्ये बुडवायचं. खरी परीक्षा टिपण्यातच! थर जाड राहिला तर चित्र धूसर. फार पातळ झाला तर रेणू छिद्रांच्या कडेला ढकलले जातात किंवा हवेच्या पृष्ठभागाला चिकटून उलगडतात. अशा वेळी किंचित डिटर्जंट घालून पाहतात. पुढे जाळी उणे १४० अंशांपेक्षा गरम होऊ द्यायची नाही, नाहीतर स्फटिक बनू लागतात. साठवणीचा नायट्रोजनही कोरडा हवा. पावसाळी हवेतली वाफ त्यात गोठून जाळीवर बसते.