अंगणातल्या लाईटची वायर पाइपमधून नेली आणि दोन्ही टोकं सिलिकॉनने बंद केली की पुरे का?

पुरे नाही, आणि हे मी ठामपणे सांगू शकतो कारण तुम्ही जे करायला निघालायत तेच मी करून बसलोय. जमिनीखालून पाइप, आत घरात वापरतो ती साधी वायर, वायरींच्या जोडांचे डबे चारही बाजूंनी सिलिकॉनने लिंपलेले. पहिलं वर्ष मस्त गेलं, दुसऱ्या पावसाळ्यात जरा सर आली की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडायचा, इलेक्ट्रिशियन म्हणाला आरसीसीबीच गेलाय, बदलला, तरी तेच. शेवटी डबा उघडला तर निम्मा पाण्याने भरलेला, आणि सिलिकॉन मात्र जसंच्या तसं!

होतं काय की पाइपातली हवा दिवसा तापते, रात्री गार होऊन आकसते आणि बारीकशा फटीतूनही बाहेरची दमट हवा आत ओढते, मग तिचं आत पाणी होतं आणि ते बाहेर पडायचा रस्ता आपणच बुजवलेला असतो. त्यामुळे पाणी आत येणारच असं धरून चाला आणि ते निघून कसं जाईल ते बघा. डब्यात केबल नेहमी खालून घ्या, वरून घेतलीत तर आयपी६५ (धूळ-पाणी आत न येऊ देण्याचा दर्जा) वगैरे फक्त लेबलवर राहतं. केबलला डब्याच्या आधी खाली एक झोल द्या म्हणजे थेंब तिथूनच गळतो. ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथे तिला घट्ट आवळणारा भाग) केबलच्या जाडीचाच हवा, सैल ग्लँडमध्ये टेप गुंडाळणं म्हणजे स्वतःला फसवणं.

जमिनीखाली आर्मर्ड केबलच (धातूचं कवच, म्हणजे आर्मर असलेली) टाका. चर साधारण २ फूट खोल, तळाला वाळू, केबल, परत वाळू, वर विटांचा थर, आणि माती निम्मी भरली की धोक्याची पट्टी, म्हणजे उद्या कोणी कुदळ मारली तर आधी पट्टी दिसेल. आर्मरला अर्थिंग विसरू नका. जमिनीत जोड नको म्हणजे नकोच, जोड सगळे वरच्या डब्यात. भिंतीवर उन्हात जो भाग राहतो तिथे ऊन सोसणारा पाइप घ्या, साधा पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होऊन तडकतो.

जाडीचं म्हणाल तर ९ वॅटचे ५ एलईडी म्हणजे ४५ वॅट, २३० व्होल्टवर जेमतेम ०.२ अँपिअर, १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल भरपूर झाली. पण १२ व्होल्टचे लाईट घेणार असाल तर तेच ४५ वॅट पावणेचार अँपिअर होतात आणि त्याच केबलवर २० मीटरमध्ये पावणेदोन व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात, शेवटचा दिवा मिणमिणतो. तिथे जाड केबल लागेल.

बाहेरच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी लावा. नुसत्या एमसीबीवर (करंट फार वाढला की पडणारा स्विच) राहू नका, तो केबल वाचवतो, माणूस नाही. बोर्डातलं काम मात्र लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या.

आणि हो, चर बुजवायच्या आधी बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चर उघडाच आहे तर शेजारी एक रिकामा पाइप पण टाकून ठेवा, आत नायलॉनची दोरी सोडून, उद्या गेटला कॅमेरा हवासा वाटला तर त्याची केबल त्यातून ओढता येईल.