माउस अडखळतोय? आधी डोंगल कुठे लावलाय ते बघा

या वेळच्या पत्रांत एक गंमत आहे. जवळजवळ प्रत्येकानं टेबलावर काहीतरी नवं आणलंय आणि त्याबरोबर एक नवा त्रासही घरात घेतलाय. वस्तू बहुतेक वेळा चांगलीच असते. घोळ असतो तो दोन वस्तूंच्या मधल्या जागेत: केबलमध्ये, पोर्टमध्ये, उंचीत, अंतरात. तिथे कुणी बघत नाही, कारण ती जागा खोक्यात मिळत नाही.

नवा वायरलेस माउस चार दिवस झकास चालला. मग बॅकअपसाठी बाहेरून जोडायची एसएसडी, म्हणजे फायली साठवायची वेगवान डिस्क घेतली. आता फायली कॉपी करायला लावल्या की माउसचा बाण उड्या मारतो. माउस बदलून आणला, दुसराही तसाच. कॉम्प्युटर कमी पडतोय का?

कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तुम्ही परत केलेला पहिला माउसही बहुधा ठणठणीतच होता.

माउसबरोबर येणारा, यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा तो नखाएवढा डोंगल रेडिओलहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात माउसशी बोलतो. आणि यूएसबी ३ च्या जोडणीतून सेकंदाला ५ गिगाबिट डेटा धावायला लागला की केबलमधून आणि पोर्टच्या तोंडाशी नेमका त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर एक सविस्तर टिपण काढलं होतं. हा गोंगाट गाळूनही टाकता येत नाही, कारण तो डेटाच्याच लहरींचा भाग असतो. ढोल वाजत असताना त्याच्या शेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकण्यातला प्रकार. म्हणून तुमचा माउस एरवी शहाण्यासारखा वागतो आणि कॉपी सुरू झाली की बिथरतो.

खात्री करायची असेल तर कॉपी चालू असताना माउस उचलून डोंगलच्या अगदी जवळ न्या. बाण सुधारला, तर निदान पक्कं. उपाय म्हणजे डोंगल एसएसडीपासून लांब करणं. लॅपटॉप असेल तर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. त्याहून चांगलं म्हणजे यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर, माउसच्या वीतभर अंतरावर आणून ठेवा. काही माउसच्या खोक्यात अशी केबल येते. आपण ती खोक्यासकट माळ्यावर टाकतो. मोठा कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवून त्याच्या पाठीमागे डोंगल लावणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे मध्ये पत्र्याची पेटी, टेबलाची फळी आणि शिवाय तुमचे गुडघे.

एक कबुली देऊन टाकतो. अक्षरं गाळतो म्हणून मी एक वायरलेस कीबोर्ड वैतागून मित्राला दिला होता. त्याच्याकडे तो आजही उत्तम चालतो. माझ्याकडे त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत), हार्ड डिस्कला खेटून बसलेला होता.

२७ इंची ४के मॉनिटर घेतला. लॅपटॉपला टाइप-सी हब लावून त्यातून एचडीएमआयनं जोडलाय. चित्र सुरेख, पण खिडकी सरकवली की झटके बसतात, स्क्रोल करताना डोळे दुखतात. मॉनिटर सदोष आहे का?

डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसेल, असं मी न बघता सांगतो. सेकंदाला ६० ऐवजी ३० च चित्रं येतायत. ते झटके त्याचेच.

कारण हबमध्ये आहे. टाइप-सीच्या पोर्टमध्ये वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. हबला चित्रही न्यायचं असतं आणि यूएसबी ३ चे पोर्टही चालवायचे असतात, म्हणून तो दोन मार्गिका चित्राला देतो आणि दोन यूएसबीला. ४के चित्र ६० हर्ट्झनं पाठवायला सेकंदाला साधारण १२ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची एक पद्धत) १.२ च्या पिढीत दोन मार्गिकांतून मिळतात साडेआठच्या आसपास. मग हब मुकाट्यानं ३० वर उतरतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं ‘४के’ खोटंही ठरत नाही!

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे मॉनिटरला हबमधून बाहेर काढणं. लॅपटॉपला दुसरा टाइप-सी पोर्ट असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट केबल घ्या; चारही मार्गिका चित्राला मिळतात आणि ६० हर्ट्झ आरामात निघतं. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र निघत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण आहे का बघा. नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोधा. लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय असेल तर तो २.० किंवा पुढचा हवा, १.४ असेल तर तिथेही ४के ३० वरच अडतं. आणि मॉनिटरलाच टाइप-सी असेल तर त्याच्या मेनूत यूएसबीचा वेग की चित्र, असा पर्याय बऱ्याचदा असतो. चित्र निवडा.

फोनच्या चार्जरची केबल यासाठी वापरू नका. टोकं अगदी सारखी दिसतात, पण तिच्यात बहुतेकदा ४८० मेगाबिटवाल्या यूएसबी २ पुरत्याच तारा असतात. चित्र येणारच नाही, आणि तुम्ही पुन्हा मॉनिटरला दोष द्याल.

२४ इंची मॉनिटर बदलून २७ इंची घेतला, तोही फुल एचडीच. अक्षरं फुटकी का दिसतात?

कारण ठिपके तेवढेच राहिले आणि काच मोठी झाली. २४ इंचात इंचाला ९२ ठिपके होते, २७ मध्ये ८२ उरले. परत करता येत असेल तर त्याच आकारात २५६०×१४४० चा घ्या. तिथे १०९ मिळतात. नसेल तर मॉनिटर थोडा मागे सरकवा.

दिवसभर टायपिंगचं काम आहे आणि मनगट दुखतं. मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हणते. लाल, तपकिरी की निळे स्विच?

रंगाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, आणि रंग त्याची जात सांगतो. लाल सरळ खाली जातात, तपकिरी मध्ये हलका अडथळा देतात, निळे अडथळ्याबरोबर टिकटिकतातही. घरात दुसरं कुणी राहत असेल तर निळे नकोत. (मला स्वतःला निळे आवडतात. घरच्यांना नाही.) या स्विचची पूर्ण खोली साधारण ४ मिलिमीटर असते आणि अक्षर २ च्या आसपासच उमटतं. बोट तळापर्यंत आपटायची सवय सुटली तर मेहनत खरोखर कमी होते. पण ती सवय सुटायला काही आठवडे जातात.

मनगटाची गोष्ट वेगळी. आत्ताचा कीबोर्ड उलटा करा आणि मागचे दोन पाय दुमडा. हे पाय उघडे असले की कीबोर्डचा मागचा भाग वर येतो, आणि हात खाली पण पंजा वर, असं मनगट दिवसभर वाकून राहतं. मेकॅनिकल कीबोर्ड मुळातच उंच असतात; पायही उघडे ठेवलेत तर पैसे खर्चून दुखणं वाढवाल. म्हणून घ्यायचाच तर कमी उंचीचा बघा.

दुसरं, उजवीकडचा आकड्यांचा पट्टा तुम्हाला खरंच लागतो का? हिशेबाचं काम नसेल तर त्याच्याशिवायचा, ८७ बटणांच्या आसपासचा कीबोर्ड घ्या. माउस तेवढा आत सरकतो आणि हात खांद्यातून बाहेर फेकलेला राहत नाही. माझ्या मते स्विचच्या रंगापेक्षा हा निर्णय दसपट महत्त्वाचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी विचारत नाही. खुर्चीही बघा: कोपर टेबलाच्या पातळीला यायला हवं. बोटांत मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर मात्र कीबोर्ड नंतर, डॉक्टर आधी.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी अप्रतिम वाजतात. मीटिंग सुरू झाली की त्याच हेडफोनमध्ये सगळे जुन्या टेलिफोनवरून बोलल्यासारखे येतात. असं का?

नेहमीच्या ब्लूटूथला दोन वेगळ्या रीती आहेत. गाण्यासाठीची रीत एकतर्फी, स्टिरिओ आणि भरघोस. बोलण्यासाठीची दुतर्फी: आवाज न्यायचाही आणि आणायचाही, म्हणून दोन्ही बाजूंनी काटकसर. कॉम्प्युटरनं हेडफोनचा माइक उघडला की दुसरी रीत लागू होते आणि आवाज बसतो. महागड्या हेडफोनचंही हेच होतं.

मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन राहू द्या, आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा माइक निवडा. एवढ्यानं आवाज जाग्यावर येतो. खोलीत पंखा घोंघावत असेल तर लॅपटॉपचा माइक तो सगळा उचलेल. मग एखादा साधा यूएसबी माइक घेऊन तोंडाच्या जवळ ठेवा. जवळचा साधा माइक लांबच्या भारी माइकला हरवतो.

४के वेबकॅम घ्यावा का? मीटिंगमध्ये चेहरा काळवंडलेला दिसतो.

नको. तुमच्या पाठीमागे खिडकी आहे ना? टेबल फिरवून तिच्याकडे तोंड करा.

मॉनिटरसाठी आर्म (टेबलाला लावून मॉनिटर उचलून धरणारा दांडा) घ्यायचाय. काय बघून घेऊ?

मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं आहेत का ते आधी बघा. त्यांच्यात बहुतेक वेळा ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतर असतं. भोकंच नसतील तर विषय तिथेच थांबला. मग स्टँड काढून मॉनिटरचं वजन बघा आणि ते आर्मच्या कमाल-किमान मर्यादेत बसतं का तपासा. किमान विसरू नका, फार हलका मॉनिटर आर्मवर आपोआप वर तरंगतो. टेबल काचेचं असेल तर क्लॅम्पचा आर्म लावूच नका. आणि फक्त उंचीच हवी असेल, तर स्टँडखाली दोन जाड पुस्तकं ठेवून आठवडाभर काम करून बघा. वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी, पडदा हातभर लांब. त्या आठवड्यात मॉनिटर एकदाही पुढेमागे सरकवावासा वाटला नाही, तर पुस्तकंच राहू द्या.