पियानो नाही, मग धरायचं कशाला?

प्रश्न : मी ख्याल ऐकणारी. मुलाने मोबाइलवर जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सचा 'अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' हा अल्बम लावून दिला. सुरुवातीची धून आवडली, पण ती लगेच हरवते. मागे पियानोसुद्धा नाही. हे ऐकायचं कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी हेडफोन लावा. पियानो नाही म्हटल्यावर सगळी भिस्त बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, आणि नेमका तो खर्ज मोबाइलचा स्पीकर गिळून टाकतो. उरतो सॅक्सोफोन आणि झांजांचा खुळखुळाट. त्यात कुणाचंही डोकं उठेल!

'सनीमून फॉर टू' आधी ऐका. एक उतरती ओळ, तीच तीनदा; झाली धून. चार-चार मात्रांचे १२ खंड, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. रॉलिन्स कितीही उधळला तरी तुम्ही मनात तीच ओळ गुणगुणत राहा, ती बरोबर बसते. आवर्तन त्याने सोडलेलंच नसतं. फक्त समेवर येऊन दाद घ्यायचा हट्ट इथे नाही. पुष्कळदा त्याचं वाक्य एका आवर्तनात सुरू होऊन पुढच्यात संपतं. अशा वेळी विल्बर वेअरचा बास धरायचा. ड्रमवरच्या एल्विन जोन्सकडून सरळ ठेक्याची अपेक्षा ठेवाल तर फसाल. तो रॉलिन्सशी हुज्जत घालत असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हे सगळं ३ नोव्हेंबर १९५७ चं. व्हिलेज व्हॅनगार्ड म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला तळघरातला क्लब, ब्लू नोट कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर रूडी व्हॅन गेल्डर. दुपारी साथीला वेगळी जोडी होती, बासवर डोनाल्ड बेली आणि ड्रमवर पीट लारोका. मूळ एलपीवर त्यांचं फक्त 'अ नाइट इन ट्युनिशिया' आलं, बाकी पाचही रात्रीची. माझं मत विचाराल तर निवड चोख होती.

हाच रॉलिन्स पुढे पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. पण म्हणून या वाजवण्यात आपला राग शोधत बसू नका. ते सुमारे दहा वर्षांनंतरचं.

नंतरच्या सीडींवर त्या दिवसाचं बरंच जास्तीचं वादन आहे. ते तूर्त राहू द्या. एलपीवरच्या सहाच चिजा ऐका, आणि 'सनीमून' अंगवळणी पडलं की 'आय कान्ट गेट स्टार्टेड' लावा. लय संथ आहे, बास प्रत्येक ठिकाणी स्वच्छ ऐकू येतो.