अ‍ॅपचं नंतर बघू

प्रिय पोरा,

परवा फोनवर विचारलंस की सर, आठवीच्या पोरांकडून व्हिडिओ करून घ्यायचेत, एडिटिंगला कुठलं अ‍ॅप चांगलं? अरे, ते पोरंच तुला शिकवतील.

आपल्या माढ्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकाला व्हिडिओचे क्यूआर कोड जोडले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, भारीच काम ते, पण तिथं पोरं बघतात आणि तू म्हणतोयस पोरांनी बनवायचं. हे प्रकरण वेगळंय.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला होता. प्रत्येकाला एकेक व्हिडिओ आणायला लावला, तर पोरांनी धडा पाठ करून घडाघडा म्हटला, मागं गाणं लावून. माझ्या फोनचं स्टोरेज फुल्ल आणि डोक्यात कुणाच्या काही नाही.

पुढच्या वर्षी पाच-पाच जणांचे गट केले, तीन मिनिटांची मर्यादा, विषय आपली सोलापुरी चादर. एका गटानं लिहून आणलं, 'मशीन नक्षी काढतं'. वहीत असतं तर मी टिक करून मोकळा झालो असतो, पण म्हटलं हे बोलताना दाखवणार काय? सगळे गप्प. मग एकाच्या काकाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेले, नक्षी काढणाऱ्या जकार्ड यंत्राची भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ बघितली, भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो, आणि त्यातून नक्षी उठते, हे चार-चारदा विचारून घेतलं. विचारणारा कोण, तर वर्गात कधी तोंड न उघडणारा सोलापूरच्या पूर्व भागातला पोरगा, घरी तेलुगू बोलणारा. काकाशी तेलुगूत बोलला आणि व्हिडिओच्या खालच्या मराठी ओळी पण त्यानंच लिहिल्या.

लूमच्या खडखडाटात आवाज काय आलाच नाही, मग लायब्ररीत पंखा बंद करून घामाघूम होत परत बोलले.

म्हणून सांगतो, स्क्रिप्ट बघितल्याशिवाय फोन हातात द्यायचा नाही. आणि मार्क चकचकीतपणाला नको, चौदा मिनिटांच्या शूटिंगमधून अकरा मिनिटं का काढून टाकली ते विचार, कुणाला किती कळलंय ते तिथं बरोबर दिसतं. पालकांची लेखी परवानगी घे बाबा, आणि पोरांचे चेहरे यूट्यूबवर टाकत बसू नको, शाळेच्या गॅदरिंगला दाखव.

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सुरू व्हायच्या आत स्क्रिप्ट गोळा कर, नंतर पोरं हाताला लागत नाहीत. आणि 'मशीन करतं' असं ज्या गटानं लिहिलं असेल, त्यांची मला आधी पाठव.

तुझा,
सर