तुमचे प्रश्न : एनबीए हुकलेला सेंटर जातो कुठे?

या वेळी बास्केटबॉलवरचे बरेच प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे सगळे एकाच माणसाभोवती फिरतायत, देश सोडून बाहेर खेळणारा अमेरिकन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, टीममधला बहुधा सगळ्यात उंच खेळाडू. म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : जे सेंटर युरोप किंवा आशियात खेळायला जातात ते एनबीएत फेल झालेलेच असतात ना? मग तिकडे त्यांना एवढा भाव कसा काय?

फेल नका म्हणू हो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, 30 टीम, टीममागे 15 रेग्युलर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे झाल्या 450 जागा, त्यातल्या सेंटरच्या वाट्याला टीममागे दोन-तीन, आणि कॉलेजातून दरवर्षी येणारी पोरं किती ते तुम्हीच बघा. काइल हाइन्स घ्या. न्यू जर्सीचा पोरगा, उंची 198 सेंटीमीटर, एनबीएच्या हिशोबात सेंटर म्हणून बुटकाच, नॉर्थ कॅरोलिनातल्या छोट्या युनिव्हर्सिटीकडून खेळला, 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवी पोरं निवडतात तिथे, कुणी नाव घेतलं नाही. गेला इटलीत, तेही सेकंड डिव्हिजनमध्ये, वेरोली नावाच्या लहानशा गावाच्या टीमकडे. तिथून जर्मनीत बामबर्ग, मग ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोस, मग सीएसकेए मॉस्को, शेवटी मिलान. युरोलीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची लीग, चार वेळा जिंकला, 2012, 2013, 2016 आणि 2019, आणि बेस्ट डिफेंडरचा किताब तीन वेळा. एनबीएची एक मॅच नाही खेळला आयुष्यात! त्याची खरी कमाल अशी की स्क्रीननंतर (म्हणजे एकाने आडवं उभं राहून डिफेंडरची वाट अडवल्यावर) समोरचा छोटा चपळ गार्ड त्याच्या अंगावर आला तरी हा पाय हलवत त्याच्यासमोर टिकायचा, बाकीचे सात फुटी तिथे खांबासारखे उभे राहतात. 2012 ची इस्तंबूलची फायनल कुठे मिळाली तर जरूर बघा, ऑलिंपियाकोस 19 पॉइंटनी मागे होती आणि शेवटी 62-61 जिंकली. शेवटची बास्केट त्याच्याच टीममधल्या प्रिन्टेझिसची, मान्य, पण मागून वर येताना डिफेन्स बघा.

प्रश्न : तिकडचे नियम वेगळे असतात का? सेंटरला काय फरक पडतो?

पडतो की. मॅच 48 मिनिटांची नाही, 40 ची, आणि फाउल सहा नाही, पाचच, त्यामुळे सेंटर लवकर बाहेर बसायची भीती जास्त. पण मोठा फरक दुसराच आहे. एनबीएत डिफेन्स करणारा कुणाला गार्ड न करता रिंगखालच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू शकत नाही, फीबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात तशी अट नाही, म्हणजे उंच माणूस आरामात तिथे घर करून राहतो. आणि फीबाच्या नियमात बॉल रिंगला एकदा लागला की कुणीही तो ढकलून द्यावा, एनबीएत मात्र तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावायचा नाही. नवीन आलेल्या अमेरिकन पोरांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, लहानपणापासून रिंगवरचा बॉल सोडून द्यायची सवय ना.

प्रश्न : कोरियात एका सेंटरला उंची जास्त आहे म्हणून घालवला असं कुणीतरी सांगितलं, ही थाप आहे ना?

थाप नाही, शंभर टक्के खरं आहे, आणि मला स्वतःला हा किस्सा सांगायला फार आवडतो. कोरियन लीगने 2018-19 च्या सीझनसाठी नियम काढला की दोन परदेशी खेळाडूंपैकी उंचवाला 200 सेंटीमीटरच्या आत हवा आणि दुसरा 186 च्या आत. कारण काय, तर खेळ फास्ट व्हावा, बघायला मजा यावी. आता डेव्हिड सायमन, अन्यांग केजीसी टीमचा अमेरिकन सेंटर, 2017 साली टीमला चॅम्पियन केलेला आणि पुढच्या सीझनला अख्ख्या लीगचा टॉप स्कोअरर. एप्रिल 2018 मध्ये सोलला लीगच्या ऑफिसात मोजायला बोलावलं. आकडा आला 202.1. झालं, गेली नोकरी, दोन सेंटीमीटर आणि वर एक मिलिमीटर! त्याच सुमारास चार्ल्स रोड्स नावाचा दुसरा अमेरिकन मोजला गेला, तो भरला 199.2 आणि पठ्ठ्या आनंदाने गुडघ्यावरच बसला. म्हणजे बघा, जन्मभर आपली उंची एक-दोन इंच वाढवून सांगणारी ही माणसं, इथे कमी भरली म्हणून नाचतायत. जगभर हसं झालं आणि पुढच्याच सीझनला नियम गुंडाळला. सायमन नंतर जपानमध्ये क्योटोकडून खेळला. (आपला हाइन्स मात्र या नियमात आरामात बसला असता.)

प्रश्न : पगार बुडवतात असं ऐकलं, मग खेळाडूने करायचं काय?

बुडवतात, विशेषतः छोटे क्लब. चांगल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पगार टॅक्स जाऊन हातात येईल तो लिहिलेला असतो, सोबत घर, बरेचदा गाडी आणि जायची-यायची विमानाची तिकिटं. पैसे थांबले तर जिनिव्हात फीबाने 2007 साली सुरू केलेलं लवाद मंडळ आहे, कोणत्याही देशाच्या कायद्याची कलमं न उगाळता न्याय्य काय ते बघून निकाल देतात, आणि क्लबने निकाल मानला नाही तर नवे परदेशी खेळाडू घ्यायला बंदी येऊ शकते. फक्त कॉन्ट्रॅक्टमध्ये त्या मंडळाचं नाव आधी लिहून घ्यायला लागतं. न वाचता सही केली की मग बसा त्या देशाच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत.

प्रश्न : अमेरिकन माणूस जपानच्या टीममधून कसा काय खेळतो?

नागरिकत्व घेऊन. वयाची सोळा वर्षं झाल्यावर नागरिकत्व मिळालेला एकच खेळाडू देशाच्या टीममध्ये चालतो, आणि ही एक जागा बरेच देश सेंटरसाठी ठेवतात, कारण उंची काही कोचिंगने येत नाही. निक फझेकस 2018 मध्ये जपानी झाला, त्याच जूनमध्ये जपानने ऑस्ट्रेलियाला 79-78 हरवलं, त्यात याचे 25 पॉइंट. त्याआधी वर्ल्ड कपच्या चारही क्वालिफायर (पात्रता मॅच) हरलेली टीम थेट 2019 च्या वर्ल्ड कपला गेली. त्याच वर्षी रिकार्डो रॅटलिफ कोरियन झाला, त्याने तर नावही बदलून रा गुन-आ केलं.

प्रश्न : ब्रिटनी ग्राइनर एवढी स्टार असून रशियात जायची गरज काय होती?

पैसा, दुसरं काय. 2022 मध्ये या अमेरिकन सेंटरचा डब्ल्यूएनबीएतला (अमेरिकेतली महिलांची लीग) पगार साधारण 2 लाख 28 हजार डॉलर, आणि येकातेरिनबर्गचा क्लब सीझनला 10 लाखांच्या वर देतो असं छापून आलेलं. म्हणून उन्हाळा अमेरिकेत, हिवाळा रशियात, अशी वर्षभर नॉनस्टॉप खेळणारी ती एकटी नव्हती, कितीतरी जणी होत्या. फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर सामानात गांजाच्या तेलाची व्हेप कार्ट्रिज सापडली, ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा, डिसेंबरमध्ये शस्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बाउटच्या बदल्यात सुटका. एक ग्रॅमही नव्हतं हो ते.

प्रश्न : बाहेर गेलेला परत एनबीएत येतो का कधी?

क्वचित, पण येतो. हसन व्हाइटसाइड 2010 ला ड्राफ्ट झाला, सॅक्रामेंटोने दोन सीझनमध्ये मोजून 19 मॅच खेळवला आणि सोडला. मग लेबनॉन, चीन, मधेच शार्लटला घरी येऊन वायएमसीएच्या जिममध्ये प्रॅक्टिस, फोन कुणाचाच नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये मायामीने घेतला. दोन महिन्यांनी शिकागोविरुद्ध बेंचवरून उतरून 14 पॉइंट, 13 रिबाउंड (हुकलेले बॉल पकडणं) आणि 12 ब्लॉक (समोरच्याचे शॉट अडवणं). 2016 मध्ये कॉन्ट्रॅक्ट झालं चार वर्षांचं, 9 कोटी 80 लाख डॉलरचं.